काचेला चालेल असं बोट

मिस्त्रीने उजव्या हाताची तर्जनी काचेवर टेकवली आणि वाट बघितली. काचेत निळं आभाळ होतं, तपकिरी जमीन होती, दोन्हींच्या मधोमध एक पिवळी रेघ होती आणि खाली कोपऱ्यात ‘पुढे’ असं लिहिलेला चौकोन होता. चौकोन ढिम्म राहिला.

“दाबा,” साडू म्हणाला. तो बाहेरून कॉकपिटच्या काठावर कोपरं टेकून उभा होता.

“दाबतोच आहे.”

“जोर नका लावू. गालाला हात लावतो तसा लावा.”

“कुणाच्या गालाला?”

“ते तुम्ही ठरवा, पण लवकर ठरवा. बॅटरी उतरतेय.”

मिस्त्रीने बोट हळू लावलं, दाबून लावलं, आडवं लावलं, उभं लावलं. मधलं बोट लावून पाहिलं, अंगठा लावला, मग डावा हात आणला. शेवटी शेजाऱ्याच्या दारावर मारावी तशी टकटक केली. घरी कुणी नव्हतं.

तसा दोष एकट्या काचेचा नव्हता. मिस्त्रीच्या बोटांच्या टोकांना कातडी होती असं म्हणणं जरा धाडसाचंच होतं. जन्मभर रंधा, पटाशी, सरस आणि खरकागद यांनी मिळून तिथे एक वेगळीच वस्तू तयार केली होती. चुलीवरचं झाकण तो नुसत्या हाताने उचलायचा आणि कुठे ठेवू म्हणून घरभर विचारत फिरायचा. साडू तर शपथेवर सांगे, की लाकडाच्या ढिगातून निघालेल्या एका विंचवाने मिस्त्रीच्या अंगठ्याला नांगी मारली आणि त्यानंतर तो विंचू आठवडाभर लंगडत होता.

“काचेला बोटातली वीज कळते,” साडूने निदान सांगितलं. “तुमच्या बोटात वीज नाही. नुसता साग आहे.”

“म्हणजे मी मेलोय?”

“पूर्ण नाही. टोकांपुरता.”

विमान मिस्त्रीने स्वतःच्या सुतारकामाच्या शेडमध्ये बांधलं होतं. लोक दाराची चौकट मागायला यायचे आणि विमानाच्या पंखाखालून वाकून आत जायचे. लाकडाचा सांगाडा त्याचा. तारा, दिवे आणि रेडिओ साडूचे. साडू म्हणजे त्याच्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, आणि दुकान बंद असण्याच्या वेळा दुकान उघडं असण्याच्या वेळांपेक्षा लोकांच्या जास्त लक्षात होत्या. दोघांनी मिळून जे उभं केलं ते खरोखर उडालं, याचं सगळ्यांत मोठं आश्चर्य त्या दोघांनाच वाटलं होतं. पण ते त्यांनी चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

कॉकपिटमध्ये इतकी वर्षं गोल तबकड्या होत्या. अलीकडे त्या थकल्या होत्या. उंचीची तबकडी तर विमान हँगरमध्ये उभं असतानाही ते झाडाच्या शेंड्याएवढं वर असल्याचं सांगायची, आणि मिस्त्री तिला वाईट वाटू नये म्हणून तेवढी उंची मनातल्या मनात वजा करायचा. साडूने दोन वर्षं भुणभुण लावली, की आता सगळं एका काचेत मावतं, जग कुठे गेलं आणि आपण कुठे. शेवटी मिस्त्रीने अक्रोडाची नवी फळी घेतली, तिला मधोमध एक चौकोन इतका नेमका कापला, की काच बसवताना हवा बाहेर पडल्याचा सुस्कारा ऐकू आला. वेग दाखवणारी एक म्हातारी तबकडी तेवढी त्याने कोपऱ्यात ठेवली. विजेवर न चालणारं एक तरी माणूस घरात असावं म्हणून.

काच निवडली साडूने. दिसायला स्वच्छ हवी म्हणून त्याने अशी निवडली, की तिला एक बटण नाही, एक खुंटी नाही. जे करायचं ते बोटाने.

“काय झालं? तोंडं का अशी दोघांची?”

मिस्त्रीची बायको डबा घेऊन हँगरच्या दारात उभी होती. ती सायकलवरून आली होती आणि तिला जरा धाप लागली होती.

“काही नाही ताई,” साडू म्हणाला. “विमानाला यांची ओळख पटत नाहीये.”

“बघू.”

तिने पंखाजवळ येऊन हात आत घातला आणि जाता जाता दिव्याचं बटण दाबावं तसा ‘पुढे’ला स्पर्श केला. काच लोण्यासारखी पाघळली. नकाशा आला, नद्या आल्या, इंजिनाचं तापमान आलं, आणि विमानाने सगळ्यांना सुप्रभात म्हटलं.

“एवढंच ना?” ती म्हणाली.

“ताई, तुमचं ऐकतं हो हे!”

“माझं कोण ऐकत नाही?” असं म्हणून तिने ज्याच्याकडे बघायचं त्याच्याकडे बघितलं. “डबा गार होतोय.”

ती निघून गेली. जाताना तिने उजव्या सीटकडे मात्र पाहिलं नाही. उजव्या सीटवर पट्टा बांधून वाळूचं एक पोतं बसलेलं होतं.

त्या पोत्याला घरात सगळे सवत म्हणायचे. हे नाव बायकोनेच दिलं होतं. विमान दोघांचं होतं, म्हणजे दोन सीटचं. पंख जुळवताना मिस्त्रीने शेजारी ती बसणार हे धरूनच तोल साधला होता. तिचं वजन किती धरायचं हे त्याने तिला न विचारता परस्पर ठरवलं, आणि तो आकडा काय होता हे त्याने आजतागायत कुणालाही सांगितलं नव्हतं. पण ती बसलीच नाही. एकटा उडाला की विमान डाव्या अंगावर कलायचं, कुशीवर झोपायची सवय असल्यासारखं. म्हणून मग पोतं.

न बसण्याचं कारण ती चारचौघांत सांगायची आणि लोक हसायचे. पंखांवरचं कापड तिने शिवलं होतं. फासळीफासळीला टाके घालून, मग घरातली कपड्यांची इस्त्री फिरवून ते कापड तिने ढोलासारखं ताणून बसवलं होतं. “ज्या पंखाला मी माझ्या हाताने इस्त्री केलीय, त्यात मी बसत नाही,” ती म्हणायची. “कुठे डुलकी लागली होती ते मला माहितेय.”

*

पुढचे काही दिवस मिस्त्रीने बोटांवर उपचार केले. आधी कोमट पाण्यात बुडवून बसला. मग तेल लावलं. त्याने काच तेवढी तेलकट झाली. मग त्याला आपल्या धंद्याची आठवण झाली आणि त्याने तर्जनीच्या टोकाला खरकागद लावला, आधी जाड, मग बारीक, लाकडाला लावतात तसा, रेषेच्या दिशेने. बोट सुंदर गुळगुळीत झालं. त्याला पॉलिश तेवढं करायचं राहिलं. काचेने ढुंकून पाहिलं नाही.

बायको हे सगळं बघत होती आणि ताकास तूर लागू देत नव्हती. संध्याकाळी ती ओट्याजवळच्या खुर्चीत काचेबरोबर आलेलं माहितीपुस्तक वाचत बसे. तिला छापलेलं काहीही वाचायची सवय होती. औषधाच्या बाटलीतला कागदसुद्धा ती कादंबरीसारखा वाचायची आणि शेवट आवडला नाही तर तसं बोलून दाखवायची.

“काय लिहिलंय?” मिस्त्रीने विचारलं.

“लिहिलंय की ओल्या जागी ठेवू नये. आणि तुम्ही बोट बादलीत घालून बसलाय.”

तपासनीस आला तो शुक्रवारी. नवी काच बसवली की त्याने बघून सही केल्याशिवाय विमान उडवायचं नाही, असा नियम होता. माणूस उंच, वाळका आणि अतिशय सभ्य. घरी बांधलेली विमानं तपासण्यात त्याचा जन्म गेला होता; पण त्यांच्यापैकी एकातही बसायचं नाही, ही लग्नात बायकोने घातलेली एकुलती एक अट त्याने निष्ठेने पाळली होती. तो सगळं जमिनीवरून बघायचा, हातात छोटा रेडिओ घेऊन.

“रेडिओची फ्रिक्वेन्सी बदलून दाखवा,” तो म्हणाला.

मिस्त्रीने बोट लावलं. मग बोटाचं मधलं पेर लावलं, कारण तिथली कातडी अजून माणसाची होती. पेर जाड होतं. त्याने एका फटक्यात तीन चौकोन उघडले, आणि विमानाने जगाच्या दुसऱ्या टोकाकडे जायचा रस्ता दाखवायला घेतला.

“पेन आहे ना, पेन,” साडू कुजबुजला. रबरी टोकाचं एक पेन त्याने आणून दिलं होतं. मिस्त्रीने ते घेतलं. ते त्याच्या हातातून सटकलं, घरंगळत पेडलांच्या खाली गेलं आणि अडकून बसलं.

तपासनिसाने वाकून पेडलांकडे बघितलं. मग त्याने मिस्त्रीकडे बघितलं. जमिनीवर आहात म्हणून ठीक आहे, एवढं सगळं त्या बघण्यात होतं.

“सुटी वस्तू नको,” तो म्हणाला. “दोन रस्ते आहेत. जुन्या तबकड्या परत बसवा. नाहीतर ज्याचं बोट चालतं त्याला शेजारी बसवा. रविवारी सकाळी येतो. वर जाऊन मी सांगेन ती फ्रिक्वेन्सी लावायची, मी सांगेन तो हवेच्या दाबाचा आकडा काचेत भरायचा, आणि उंची वाचून दाखवायची. जमलं तर सही.”

“मी आहे की!” साडू म्हणाला आणि पोतं उचलून बाजूला ठेवून उजव्या सीटवर बसला.

“दांडा मागे घ्या,” तपासनीस म्हणाला.

दोन्ही सीटच्या पुढ्यात एकेक दांडा होता आणि दोन्ही एकत्र हलायचे. मिस्त्रीने आपला मागे ओढला. अर्ध्या वाटेत तो थांबला. साडूच्या पुढ्यातला दांडा साडूच्या गेल्या काही वर्षांत वाढलेल्या पोटात रुतला होता.

“श्वास घ्या आत,” मिस्त्री म्हणाला.

“घेतलाच आहे.”

“अजून घ्या.”

“अजून घेतला तर तो खरा शेवटचा.”

तपासनिसाने काही लिहिलं नाही, हे त्याच्या सभ्यपणाला शोभून दिसलं. तो निरोप घेऊन गेला. साडू सीटवरून निघायला लागला, तर तेही एकट्याने जमेना. मिस्त्रीने त्याला काखेत हात घालून बाहेर काढलं, पोतं परत जागेवर बांधलं आणि दोघे हँगरच्या दारात उलट्या ठेवलेल्या डब्यांवर बसले. समोर गवताची धावपट्टी होती आणि वारा दाखवणारी कापडी बाही काठीवर आळसावून लोंबत होती.

“ताईंना विचारा,” साडू म्हणाला.

“ती येणार नाही. इस्त्रीचं माहितेय ना.”

“इस्त्रीचं!” साडूने गवताची काडी तोडून दातात धरली. “अहो साडूभाऊ, पहिल्यांदा विमान उडवलंत तो दिवस आठवा. एकट्याने फेरी मारून खाली आलात. मग म्हणालात, आता कुणाला तरी घेऊन जातो. कोण उभं होतं पंखाशी?”

“सगळेच होते.”

“डोक्याला रुमाल घट्ट बांधून कोण उभं होतं?”

मिस्त्रीने बुडाखालचा डबा सरकवून नीट केला.

“आणि तुम्ही मला म्हणालात, चला.”

“पहिल्यांदा धोका असतो,” मिस्त्री म्हणाला. “काही कमीजास्त झालं असतं तर? मी मुद्दामच तिला…”

“तेच तर! माझी बायको मला अजून विचारते, तुमच्या साडूने त्या दिवशी तुम्हाला काय समजून नेलं म्हणून. मला उत्तर सुचत नाही.” साडू मनापासून हसला. “आणि ताई काय म्हणाल्या माहितेय तिला? म्हणाल्या, टाके घालायला मी, आणि वर जायला भावोजी. तेवढंच. परत कधी तो विषय काढला नाही. इस्त्रीचा विनोद त्यानंतरचा.”

कापडी बाही थोडी फुगली आणि परत पडली. मिस्त्री आपल्या गुळगुळीत तर्जनीकडे बघत राहिला. ते बोट आता कशाच्याच उपयोगाचं नव्हतं. लाकडाची फट चाचपायलाही नाही.

*

शनिवारी दुपारी तो एकटाच हँगरमध्ये आला. जुन्या तबकड्या परत बसवायच्या तर फळीमागे किती जागा आहे, हे त्याला बघायचं होतं. त्याने विमानाचा मुख्य स्विच दाबून काच चालू केली, म्हणजे उजेड मिळेल, आणि फळीच्या कडेने आत डोकावायला मान पुढे केली. मान जरा जास्त पुढे गेली. नाक काचेला लागलं.

पान उलटलं.

मिस्त्रीने मान मागे घेतली. हँगरच्या दाराकडे पाहिलं. कुणी नव्हतं. त्याने पुन्हा मान पुढे केली आणि नाक लावलं. पुन्हा पान उलटलं. या यंत्रापुढे नाक घासणार नाही, असं तो आठवडाभर ज्याला त्याला सांगत होता; पण हँगरमध्ये साक्षीला चिमण्या तेवढ्या होत्या, आणि त्या कुणाला सांगत नाहीत. तो नाकाने नकाशा सरकवत राहिला. नाकाने त्याने काचेचा उजेड कमी केला, घड्याळ लावलं, एकदा चुकून रेडिओही चालू केला आणि कुणा अनोळखी वैमानिकाला हवा कशी आहे ते ऐकवलं. शिंक आली तेव्हा काय काय उघडलं हे त्याला नीट कळलंच नाही. त्या उघडलेल्यांतच एका पानावर, अगदी खाली, एक ओळ होती. ‘हातमोजे घालून वापर: बंद.’

तो ओळ वाचून मागे टेकला. मग पुढे होऊन त्याने तिच्यावर नाक टेकवलं. ‘बंद’चं ‘चालू’ झालं.

मिस्त्रीने तर्जनी उचलली. त्याने ती काचेवर ठेवली, आणि काच पाघळली. नद्या आल्या. त्याने फ्रिक्वेन्सी बदलली. परत पहिली लावली. हवेचा दाब वर नेला, खाली आणला. अंगठ्याने केलं, करंगळीने केलं. सागाच्या दहाही बोटांनी त्याने विमानाला हवं तसं नाचवलं आणि जागच्या जागी बसून त्याला घाम आला. सही झाल्यातच जमा होती. शेजारी कुणी नको, पेन नको, कुणाला काही विचारायला नको.

त्याने आनंदाने उजवीकडे पाहिलं, सांगायला. तिथे वाळूचं पोतं पट्टा बांधून सरळ बसलं होतं.

बराच वेळ मिस्त्री त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने पुन्हा ते पान काढलं, या वेळी बोटाने, आणि त्या खालच्या ओळीवर तर्जनी टेकवली. ‘चालू’चं ‘बंद’ झालं. खात्री करायला त्याने बोट आणखी एकदा लावलं. काचेने ओळख दाखवली नाही.

त्याने पोत्याचा पट्टा सोडला, पोतं खांद्यावर घेतलं आणि हँगरच्या दाराशी जिथे दर पावसात पाणी साचायचं तिथे ते पालथं केलं. वाळू पायाने सारखी केली आणि रिकामं पोतं झटकून काखेत मारून घरी निघाला.

*

ती इस्त्री करत होती. त्याचा शर्ट टेबलावर पसरलेला होता आणि ती बाहीवर टोक फिरवत होती. तिने वर न बघता विचारलं, “काय आणलंत?”

“पोतं.”

तिने मान वर केली. रिकाम्या पोत्याकडे पाहिलं.

“सवत कुठे गेली?”

“माहेरी.”

तिचं हसू ओठांपर्यंत आलं आणि तिने ते बाहीच्या घडीत दाबून टाकलं.

मिस्त्री दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. ही चौकट त्यानेच केली होती, तिच्यात काही खोट नव्हती, तरी तो ती नखाने तपासत राहिला.

“उद्या सकाळी तपासनीस येणार आहे,” तो म्हणाला. “ज्याचं बोट चालतं असं कुणीतरी शेजारी हवं म्हणतो.”

“भावोजी आहेत ना.”

“त्यांच्या पोटाला दांडा लागतो.”

“लागायचाच.” इस्त्री कॉलरवर गेली. “मग कोण?”

मिस्त्रीने घसा साफ केला. जन्मात त्याने इतकं अवघड काम केलं नव्हतं, आणि त्याने एकदा चक्राकार जिना केला होता, तोही उलटा.

“तू येतेस का?”

इस्त्री थांबली. फारच थांबली, शर्टाचा करपट वास यायला लागला, तशी तिने ती उचलून उभी केली.

“बोटापुरती?” तिने विचारलं.

आता हो म्हणावं तर ती बोटापुरती ठरत होती. नाही म्हणावं तर इतकी वर्षं का विचारलं नाही हे सांगावं लागत होतं. मिस्त्री हातातल्या पोत्याची घडी घालत उभा राहिला.

तिने त्याला तसं थोडा वेळ उभं राहू दिलं. नंतर शर्टाची घडी घातली.

“बरं,” ती म्हणाली. “बोट देते. पण ते माझ्या हाताला जोडलेलं आहे. मागोमाग सगळीच यावी लागेन मी.”

“चालेल.”

“आणि वजनाचं काय ते आत्ताच सांगा. मागून हिशेब चुकला म्हणायचं नाही.”

“हिशेब बरोबर आहे,” मिस्त्री घाईघाईने म्हणाला.

“किती धरलंयत?”

“पोत्याएवढं.”

“पोतं केवढं होतं?”

“लहान होतं,” मिस्त्री म्हणाला आणि हात धुवायच्या निमित्ताने आत गेला.

*

रविवारी सकाळी ती डोक्याला रुमाल बांधून आली. साडूने तो पाहिला आणि नको तेवढं लक्षपूर्वक आभाळाकडे बघायला लागला. तपासनीस रेडिओ घेऊन धावपट्टीच्या कडेला उभा राहिला. ती सीटवर बसली, पट्टा लावला, दांडा मागे आला तो तिला कुठेही न लागता. त्यावर तिने साडूकडे एक कटाक्ष टाकला.

“भीती वाटली तर सांग,” मिस्त्री म्हणाला.

“तुम्हाला वाटली तर तुम्ही सांगा.”

विमान गवतावरून उड्या मारत धावलं, शेवटची उडी परत खाली आली नाही, आणि धावपट्टी त्यांच्या खालून काढून घेतल्यासारखी मागे गेली. मिस्त्रीचे हात दांड्यावर होते, पण डोळे तिच्याकडे जात होते. ती पंखाकडे बघत होती. कापड सकाळच्या उजेडात ताणलेलं होतं, टाक्यांच्या रांगा फासळ्यांवरून सरळ गेल्या होत्या. दुसऱ्या रांगेच्या शेवटी एक टाका जरासा तिरपा होता. तिने तिकडे बोट दाखवलं आणि गालाखाली हाताची उशी करून झोपल्याची खूण केली.

विमान सरळ चाललं होतं. डावीकडे कलत नव्हतं, उजवीकडेही नाही.

“ऐकू येतंय का?” तपासनिसाचा आवाज आला. मग त्याने फ्रिक्वेन्सीचे आकडे सांगितले.

नदीच्या वर हवा गरम होत होती आणि विमान हिसके खात होतं. मिस्त्रीला धाकधूक होती, की काच अशी हलताना तिचं बोट नेमकं कुठे पडणार. तिने अंगठा काचेच्या लाकडी चौकटीला टेकवून घट्ट धरला आणि तर्जनी मोकळी ठेवली. विमान हललं की तिचा हातही विमानाबरोबरच हलत होता, आणि बोट पडायचं तिथेच पडत होतं. शिवताना कापड असंच धरायची ती. हे तिला पुस्तकाने सांगितलं की हाताने, त्याने विचारलं नाही. आकडे बदलले. दाब भरला. तिने उंची वाचून दाखवली, खणखणीत, बातम्या दिल्यासारखी.

“ठीक,” खालून आवाज आला. थोडं थांबून तपासनीस म्हणाला, “उत्तम. उतरलात की सही करतो. घाई नाही.”

मिस्त्रीने मोठं वळण घेतलं. आता परत जायचं होतं, पण त्याने विमान सरळ परतीच्या वाटेला लावलं नाही, टेकडीवरून लांबचा रस्ता धरला. ती काच बघत होती, एकेक पान उलटत, सावकाश. नकाशा गेला, घड्याळ गेलं, उजेडाचं पान गेलं. मिस्त्रीने सहज तिकडे पाहिलं.

ते पान उघडलं होतं. अगदी खाली ती हातमोज्यांची ओळ होती.

तिचा अंगठा चौकटीला टेकलेला होता. तर्जनी त्या ओळीच्या वर, काचेपासून दाण्याभराच्या अंतरावर थांबली होती. विमानाला हिसका बसला, पण बोट ना खाली गेलं ना वर आलं. तिने ओळ वाचली होती. ती छापलेलं काहीही वाचायची. माहितीपुस्तकातही ती ओळ असणारच. मिस्त्रीने नजर समोर नेली आणि क्षितिज इतकं नीट न्याहाळलं, की त्याच्या हातून विमान वर चढत चाललंय हेही त्याच्या ध्यानात आलं नाही.

त्याने परत पाहिलं तेव्हा काचेत नकाशा होता.

“काय बघत होतीस?” त्याने विचारलं.

“काही नाही. सगळं जागच्या जागी आहे ना, ते.”

“आहे?”

“आहे.” तिने रुमालाची गाठ सैल करून पुन्हा घट्ट बांधली. “तुम्ही वर चढताय. आणि टेकडीपलीकडे जायचं तर फ्रिक्वेन्सी बदलावी लागेल.”

“टेकडीपलीकडे जायचंय?”

“घाई नाही म्हणालेत ते.” तिने अंगठा चौकटीला टेकवला. “मी लावते. तुम्ही हात लावू नका.”

“मी कुठे लावतोय,” मिस्त्री म्हणाला, आणि त्याने दोन्ही हातांनी दांडा धरला.